सैतानी ठेका, पवित्र शब्द

आमच्या तारुण्यात ‘स्ट्रायपर’ या अमेरिकन ख्रिस्ती मेटल बँडचा ‘टू हेल विथ द डेव्हिल’ (१९८६) हा अल्बम आम्हांला प्रिय होता. मेटलच्या चाहत्यांना त्यातील श्रद्धा हास्यास्पद वाटे, तर अनेक धर्मोपदेशकांना त्यातील गिटार सैतानी. मैफलीत श्रोत्यांकडे बायबलच्या प्रती भिरकावणाऱ्या या वादकांचा जिमी स्वॅगर्ट यांनी निषेध केला. १९८७ साली धार्मिक रॉकविरुद्ध पुस्तकही लिहिले. विशेष हे, की रॉक-अँड-रोलचा एक अध्वर्यू जेरी ली लुईस हा नात्याने त्यांचा भाऊच. दोघेही लुइझियानातील फेरिडे गावी पेंटेकोस्टल चर्चच्या संगीतात वाढले. ज्या ठेक्याला चर्चने बहिष्कृत मानले, त्याचे एक मूळ चर्चमध्येच होते. आशय पवित्र आणि रूप अपवित्र ही विभागणी आम्हांला तेव्हापासून संशयास्पद वाटते, कवितेच्या बाबतीतही.