यूट्यूब-डीएल व वायटी-डीएलपी

यूट्यूब-डीएल व वायटी-डीएलपी : इंटरनेटवरचे व्हिडिओ उतरवून नेटशिवाय पाहण्यासाठी कमांड लाइनवरून चालवायचे मुक्त प्रोग्रॅम. दोन्ही पायथन भाषेत आहेत. यूट्यूब-डीएल २००६ मध्ये रिकार्डो गार्सिया यांनी सुरू केला. वायटी-डीएलपी ही त्याची २०२१ मधली शाखा; आज नव्याने शिकणाऱ्याने थेट हीच घ्यावी.

प्रोग्रॅमचे नाव आणि पुढे व्हिडिओची लिंक टंकून एंटर दाबले की काम सुरू होते. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे अ‍ॅप टाकले तर लॅपटॉपही लागत नाही.

यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये भारतात डिसेंबर २०१४ पासून ऑफलाइनची सोय आहे. पण तो व्हिडिओ अ‍ॅपमध्येच अडकून राहतो आणि फोन अधूनमधून नेटला जोडावा लागतो. या प्रोग्रॅमांनी उतरवलेल्या फाइलला हे बंधन नाही. बीड जिल्ह्यात हा फरक मोठा ठरतो. दिवाळीच्या सुमारास इथल्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पुढचे काही महिने फडाजवळच्या कोप्यांत काढतात. याच जिल्ह्यातल्या लिंबागणेशात मेमरी कार्डावर उतरवलेले कीर्तन किंवा मुलांच्या गणिताचा तास फडावरही चालतो, आणि रिचार्ज संपला तरी चालतो.

कार्डावर किती मावेल, हे निवडलेल्या दर्जावर ठरते. सेकंदाला सरासरी ५०० किलोबिट घेणारा तासाभराचा व्हिडिओ सुमारे २२५ एमबीचा होतो. ३२ जीबीच्या कार्डावर असे सव्वाशे तास सहज बसतात. उणे चिन्हाला जोडून इंग्रजी मोठा एफ दिला की उपलब्ध दर्जांची यादी दिसते. छोटा एफ आणि यादीतला क्रमांक दिला की तेवढेच उतरते. वरच्या दर्जांत यूट्यूब चित्र आणि आवाज वेगवेगळे ठेवते. ते जोडायला एफएफएमपेग हा प्रोग्रॅम सोबत हवा. नवखा माणूस हमखास इथेच अडतो. रेंज मध्येच गेली तर अर्धवट फाइल तशीच राहते आणि तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर काम राहिल्या जागेवरून पुढे सरकते. खेड्यातल्या नेटवर या प्रोग्रॅमची खरी किंमत कळते ती इथे. उतरवलेल्या व्हिडिओंची नोंदवही ठेवायला सांगितले, तर पुढच्या खेपेला प्लेलिस्टमधले फक्त नवे व्हिडिओ येतात.

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या नोटिशीवरून गिटहब या प्रोग्रॅम ठेवण्याच्या संकेतस्थळाने यूट्यूब-डीएल हटवला. १६ नोव्हेंबरला तो परत ठेवला. प्रोग्रॅम बाळगणे आणि कोणता व्हिडिओ उतरवायचा, हे प्रश्न वेगळे आहेत. परवानगीविना उतरवणे यूट्यूबच्या अटींत बसत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ खाजगी वापराच्या रास्त व्यवहाराला सूट देते; उतरवलेला सिनेमा कार्डावर भरून विकणाऱ्याला ती लागू होत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे व्हिडिओ मात्र परवान्याच्या अटी पाळून पुढे वाटताही येतात.

यूट्यूब आपली रचना सतत बदलत असल्याने या प्रोग्रॅमांची जुनी आवृत्ती अचानक चालेनाशी होते. २०२५ च्या अखेरीपासून यूट्यूबसाठी वायटी-डीएलपीसोबत डेनोसारखा जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅमही ठेवावा लागतो.