चौथा भिडू

आमच्या घराण्याला इतिहास म्हणावा असा काही नाही. आमच्या पूर्वजांनी कुठलीही लढाई मारल्याची नोंद नाही. जिथे लढाई व्हायची तिथून ते वेळेवर निघून येत असावेत, असं आमच्या कुटुंबाच्या आजच्या लोकसंख्येवरून वाटतं. तसा आमचा भंडारा जिल्हा इतिहासात मागे नाही. पवनीला दोन हजार वर्षांहून जुन्या स्तूपांचे अवशेष सापडले आहेत. पण आमच्या घरातली पहिली लढाई झाली ती २०१८ साली, आणि तीही गच्चीवर, पापडांच्या खाटेशेजारी.

लढणारा माझा भाचा. लाखांदूरकडचा. कॉलेजसाठी भंडाऱ्याला आमच्याकडे राहायला आला, तेव्हा सोबत एक पेटी, एक गादी आणि एक मोबाइल घेऊन आला. पेटी आणि गादी कोपऱ्यात गेली. मोबाइल काही हातातून सुटला नाही. लढाईचं नाव पबजी.

ज्यांच्या घरी भाचा नाही त्यांच्यासाठी सांगतो. शंभर माणसं विमानातून एका ओसाड बेटावर उड्या मारतात. रिकाम्या घरांत शिरून बंदुका शोधतात आणि एकमेकांना टिपतात. खेळायची जागा हळूहळू आकसत जाते आणि शेवटी जो उरतो तो जिंकला. एकट्याने खेळता येतं, पण चौघांचा चमू करून खेळण्यात खरी मजा. जिंकणाऱ्याला पडद्यावर कोंबडीचं जेवण जाहीर होतं. हे ऐकल्यावर आमची ही म्हणाली, "घरी केलेली भाजी खायले याले वेळ नाही, अन् तिथल्या कोंबडीसाठी जीव देऊन राहिला."

भाच्याच्या चमूत तो लाखांदूरचा, एक तुमसरचा, एक पवनीचा आणि एक साकोलीचा. हाका गावाच्या नावानेच. त्यामुळे रात्री अकरा वाजता गच्चीवरून जिल्ह्याचा भूगोल ऐकू यायचा. "तुमसर, मांगे पाय!" "पवनी मेली!" "साकोली, मले उचल बे, मरून राहिलो!" शेजारच्या आजी एकदा काळजीने विचारायला आल्या, की वैनगंगेला पूर आला का, पवनी मेली म्हणतात.

त्या काळात हे दुखणं एकट्या आमच्या घरचं नव्हतं. जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीत विद्यार्थी-पालकांच्या कार्यक्रमात एका आईने मुलाच्या ऑनलाइन खेळांची तक्रार केली, तेव्हा खुद्द पंतप्रधानांनी "ये पबजीवाला है क्या?" असं विचारलं होतं. ते टीव्हीवर पाहून हिने मला बोलावलं. "पाहा, दिल्लीपर्यंत गेलं." जणू आमच्याच भाच्याचं नाव घेतलं होतं.

मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदी लागली. खांब तलावाजवळचा आमचा रोजचा मेंढीकोटाचा अड्डा बंद झाला. चार म्हातारे चार घरांत कोंडले गेले. भाच्याचा अड्डा मात्र चोवीस तास सुरू झाला. कारण त्याला एकत्र बसण्यासाठी एकत्र बसावं लागत नव्हतं. मला पहिल्यांदा त्या पोराचा हेवा वाटला. हिने मोहाडीच्या चौंडेश्वरीला नवस बोलला, की पोराचं हे खूळ जाऊ दे.

देवीने ऐकलं. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी होतं. एका भाच्यासाठी देवीने बाकीची ११७ कशाला घेतली, ते तिलाच ठाऊक. ही नवस फेडून आली. मी मात्र गप्प होतो, कारण बंदीचा इतिहास मला माहीत होता.

आमच्याकडचा शंकरपट घ्या. बैलजोड्यांच्या शर्यती सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बंद केल्या. त्या पुन्हा सुरू करायची परवानगी मिळाली डिसेंबर २०२१ मध्ये. साडेसात वर्षं झाली, पण एका तरी पटशौकिनाचा रस कमी झाला असेल तर शपथ. मधल्या काळात पानठेल्यावर बसून माणसं जुन्या जोड्या आठवणीतून पळवत होती. आठवणीतले बैल तर दरवर्षी जास्तच जोरात पळतात. बंदीने खेळ थांबतो, आवड थांबत नाही. उलट लोणच्यासारखी मुरते.

तसंच झालं. दहा महिन्यांनी, २ जुलै २०२१ ला, तो खेळ नाव बदलून आला. बीजीएमआय. पोलिसांनी उठवलेला पानठेला पाटी बदलून पलीकडच्या कोपऱ्यावर लागतो, तसा. गच्चीवर पुन्हा पवनी मरू लागली, साकोली उचलू लागली. हिने मला विचारलं, "अहो, फेडलेला नवस परत मागता येते का?"

आणि इथे इतिहासाने वळण घेतलं. त्या वर्षी दिवाळी चार नोव्हेंबरला होती. दिवाळी आली तेव्हा गच्चीवर सामसूम होती. बंदी नव्हती, नवस नव्हता, मोबाइलही फुटला नव्हता. सरकारला, देवीला आणि मामीला जे जमलं नाही ते आपोआप झालं होतं. भाचा आठ वाजता जेवून झोपत होता. हिला वाटलं पोराला ताप आहे.

पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस अशा वेळी एकच गोष्ट करतो. चौकशी बसवतो. मी बसवली. चौकशी म्हटली की जुन्या फायली काढाव्या लागतात, आणि जुन्या फायलीत मला हा सगळा प्रकार आपल्या कल्पनेपेक्षा फार जुना असल्याचं सापडलं.

१९७८ साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने मड नावाचा खेळ रचला. त्याचा मित्र रिचर्ड बार्टल याने तो पुढे वाढवला. अनेकांनी संगणकावरून एकाच वेळी एकाच जगात शिरायचं, असा तो खेळ. चित्रं नाहीत, सगळा मजकूर. पुढे या बार्टलने, लोक हे कशासाठी खेळतात याचा विचार करून १९९६ साली एक लेख लिहिला, आणि खेळाडूंच्या चार जाती पाडल्या. नावं दिली ती पत्त्यांची! मला तर चौकशीच्या पहिल्याच दिवशी माझा माणूस भेटला.

चौकट म्हणजे हिरा. हे लोक मिळवणारे: पदकं, गुण, हुद्दे. इस्पिकाचं इंग्रजी नाव फावड्याचं. हे उकरणारे: कोपरान् कोपरा शोधणारे. बदामवाले गप्पिष्ट. आणि किलवर म्हणजे इंग्रजीत सोटा. हे दुसऱ्याला झोडायला आलेले. ही यादी वाचून मी चष्मा पुसला. कारण हे चौघे आमच्या गच्चीवर राहत होते.

चौघांच्या जबान्या घेतल्या. तुमसरवाला चौकट. ब्राँझपासून एकेक पायरी चढत तो वरच्या हुद्द्यावर गेला, की सीझन संपायचा आणि कंपनी त्याला परत खाली उतरवायची. मलाही बढतीसाठी अकरा वर्षं थांबवलं होतं, पण मिळालेली बढती कोणी दर काही महिन्यांनी काढून घेतली नव्हती. शिवाय रोज हजेरी लावा, रोजची कामं करा, सात दिवस न चुकता आलात तर बक्षीस. "मामाजी," तो म्हणाला, "खेळ नाही, मस्टर झालं होतं ते. मंग मी राइस मिलमध्ये लागलो. तिथं हजेरीचे पैसे भेटतात."

पवनीवाला इस्पिक. बेटावरचं प्रत्येक घर, प्रत्येक पूल, कुठल्या जिन्याखाली बंदूक सापडते, सगळं त्याला पाठ. "आता तिथं नवीन काऊन जायचं?" असा त्याचा सवाल. याचंही उत्तर फायलीत होतं. राफ कॉस्टर नावाच्या खेळ रचणाऱ्याने २००४ साली पुस्तक लिहून सांगितलं, की खेळातली मजा ही शिकण्याची मजा आहे. शिकून संपलं की कंटाळा. पटतं. लहानपणी आपण सगळेच फुल्ली-गोळा खेळलो. एक दिवस कळलं, की दोघंही शहाणे असतील तर कोणीच जिंकत नाही. त्यानंतर कोणी फुल्ली-गोळा खेळलं का? मोठमोठे ऑनलाइन खेळ म्हणजे फार लांबलेला फुल्ली-गोळा. दोन-तीन वर्षांनी का होईना, युक्ती कळतेच.

साकोलीवाला किलवर. त्याचं दुःख वेगळं. नवीन पोरं यायची, हा त्यांना पहिल्या मिनिटात मारायचा, ती पुन्हा यायची नाहीत. उरले फक्त याच्यासारखे पटाईत, आणि ते याला मारू लागले. कंपनीने रिकाम्या जागी यंत्राची माणसं भरली. "पण त्याले मारलं तर तो चिडत नाही ना, मामाजी. मजा कायची?" हाही जुनाच किस्सा. १९९७ साली अल्टिमा ऑनलाइन नावाचा खेळ निघाला, त्यात दांडगटांनी गरीब खेळाडूंचा इतका छळ मांडला, की २००० साली कंपनीने त्या जगाची दोन जगं केली. एकात मर्जीविरुद्ध कोणाला मारायचं नाही, दुसऱ्यात पूर्वीसारखी मारामारी. बहुतेक लोक पहिल्या जगात राहायला गेले. दुसऱ्यात लांडगे उरले, आणि मेंढ्या नसल्याची तक्रार करू लागले.

राहिला बदाम. आमचा भाचा. त्याला ना हुद्दा हवा होता, ना बेट, ना कोणाचा मुडदा. कधी कधी तर म्हणे हे चौघे बेटावर एखाद्या पडक्या घरात लपून नुसत्या गप्पा हाणत बसायचे. तुमसरची मिल, साकोलीवाल्याच्या बहिणीचं लग्न, धानाचा भाव. बाहेर गोळीबार चालूच. तो खेळाला कधीच कंटाळला नाही. "मग सोडलास का?" मी विचारलं. मोबाइल उलटा ठेवत तो म्हणाला, "सोडला कुठी? उघडतो ना रोज. यादी पाहतो. कोणी नसते. बंद करतो."

इथे मी चौकशी थांबवली. कारण हा अहवाल मला आधीच तोंडपाठ होता.

आमचा मेंढीकोट बावीस वर्षं चालला होता. चौघे तेच, जागा तीच, भांडणं तीच. माझा भिडू हुकूम कधी लपवायचा ते त्याच्या खाकरण्यावरून मला कळायचं, आणि विरुद्ध पक्षालाही कळायचं. म्हणून आम्ही बहुतेक हरायचो. २०२१ च्या एप्रिलमधल्या लाटेत तो गेला. पुढे अड्डा सुरू झाला. चौथा हात म्हणून एक चांगले गृहस्थ आणले. ते त्याच्यापेक्षा उत्तम खेळायचे. हीच अडचण झाली. आम्ही जिंकू लागलो आणि महिन्याभरात कोणाचे गुडघे, कोणाची नातवंडं, अशी कारणं निघत अड्डा बंद पडला. बंद करायचं असं कोणीच म्हटलं नाही. पत्त्यांचा तो कॅट माझ्या खणात आहे. त्यात राजा-राण्या सगळे हजर आहेत, नहला-दहला आहे. काहीच हरवलेलं नाही.

२०२३ च्या दिवाळीनंतर भाचा पुण्याहून सुट्टीवर आला. मधल्या काळात तो खेळ जुलै २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला होता, मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला होता, आणि आमच्या गच्चीला दोन्हीची खबर नव्हती. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. माहेरवाशिणी येतात, पाहुणे येतात, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. त्या निमित्ताने तुमसरवाला आणि पवनीवालाही आमच्याकडे आले. साकोलीवाल्याला कारखान्यात पाळी होती. तिघे गच्चीवर बसले. मोबाइल निघाले. आणि थोड्या वेळाने भाचा जिन्यात येऊन म्हणाला, "मामाजी, बसता का? चौथा कमी आहे."

मी विमानातून उडी मारली ती थेट तळ्यात. तळ्यांच्या जिल्ह्याचा माणूस, दुसरीकडे कुठे पडणार! बंदूक मिळाली, ती कुठून धरायची ते कळेना. पहिल्याच मिनिटाला कुणीतरी मला लोळवलं. आणि मी, वय वर्षं अडुसष्ट, निवृत्त हेडक्लार्क, गच्चीवरून जिवाच्या आकांताने ओरडलो, "अरे, मला उचला बे कोणीतरी!"

तिघांनी आपापली कामं टाकून मला उचललं. पुढचे दोन तास ते मला उचलतच होते. पवनीवाला मला पाठ असलेलं बेट दाखवत होता, "मामाजी, इथून पाहा, इथून!" आणि ते त्यालाच नवीन दिसत असावं. आम्ही एकही डाव जिंकलो नाही. पोरं इतकी हसली की शेजारच्या आजी पुन्हा विचारायला आल्या. खालून ही ओरडली, "अहो, मंडईतलं नाटक लागलं असंल, चला!" मी म्हटलं, "थांब, पवनी मरून राहिली."

दुसऱ्या दिवशी तिघे तीन गावांना गेले. तो खेळ माझ्या मोबाइलमध्ये आहे. रात्री जेवण झालं की मी तो एकदा उघडतो. यादीत चार गावं आहेत. चारीही विझलेली. बंद करतो आणि झोपतो. फोनमध्ये जागा नाही, काहीतरी काढून टाका, असं तो मोबाइल मला रोज सांगतो. मी फोटो काढून टाकतो.