सर्व्हर बॅकअप व पुनर्स्थापनेची नेटवर्क-जोडणी

सर्व्हरवरील माहितीची प्रत दुसऱ्या साठ्यावर नेणारी आणि बिघाड झाल्यावर ती पुन्हा सर्व्हरवर उतरवणारी नेटवर्क-व्यवस्था. छत्रपती संभाजीनगरात वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखाने, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विद्यापीठ आणि बँका या सर्वांना तिची गरज आहे. महाराष्ट्र ग्रामीण बँकेचे मुख्य कार्यालयही याच शहरात आहे.

जोडणीची क्षमता परतीच्या प्रवासावरून ठरवावी. रोजच्या बॅकअपमध्ये फक्त बदललेला भाग जातो, त्यामुळे साधी लाइनही पुरते. सर्व्हर बसला की मात्र सगळी माहिती एकदम परत आणावी लागते. 10 टीबी माहितीला 100 एमबीपीएस लाइनवर नऊ दिवसांहून अधिक वेळ लागतो, 1 जीबीपीएसवर सुमारे 22 तास आणि 10 जीबीपीएसवर सव्वादोन तास. हे कागदावरचे हिशेब झाले. प्रत्यक्षात वेळ वाढतोच. म्हणून एक पूर्ण प्रत त्याच आवारात ठेवणे आणि दुसरी लांब पाठवणे ही पद्धत रूढ आहे.

आवारातील बॅकअपसाठी सर्व्हरला वेगळे नेटवर्क कार्ड आणि स्विचवर वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवरचे आभासी स्वतंत्र नेटवर्क) देतात. एरवी मोठी प्रत सुरू होताच कारखान्यातील ईआरपी (कामकाज-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर) रखडते. फायरवॉलमध्ये नेमके पोर्ट तेवढे उघडावेत: आयस्कझीसाठी 3260, एनएफएससाठी 2049, एसएसएचसाठी 22. संपर्क बॅकअप सर्व्हरने सुरू करावा. बॅकअपचे शेअर्ड फोल्डर सर्व्हरला कायम जोडलेले असेल, तर रॅन्समवेअर मूळ माहितीबरोबर प्रतही कुलूपबंद करते.

काही दोष अगदी किरकोळ असतात. गिगाबिट जोडणीला केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात. कनेक्टर नीट क्रिम्प झाला नाही आणि एक जोडी सुटली, तर लिंक अनेकदा निमूटपणे 100 एमबीपीएसवर उतरते. स्विचचा दिवा लागलेलाच असतो, रात्रीचा बॅकअपही पूर्ण होतो. पुनर्स्थापनेच्या वेळी मात्र तासांचे दिवस होतात. रिकव्हरी पेनड्राइव्हमध्ये नव्या सर्व्हरच्या नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर नसणे हा असाच दुसरा दोष. तेव्हा प्रत शाबूत असूनही हाती येत नाही. आयपी, सबनेट मास्क, गेटवे आणि व्हीलॅन क्रमांक कागदावर छापून ठेवावेत, कारण ती नोंद बहुधा बंद पडलेल्या सर्व्हरवरच असते.

दूरच्या प्रतीचा विचार या शहरात अधिक काटेकोरपणे व्हायला हवा. वाळूजचा सर्व्हर आणि चिकलठाण्याची प्रत हे अंतर आगीपासून वाचवते. पूर, भूकंप किंवा मोठा वीजबिघाड यांच्यापुढे ते अपुरे आहे. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप मराठवाड्यातच झाला. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला, त्यामुळे प्रत केवळ मुंबईत ठेवणेही सुरक्षित नाही. दूरचे केंद्र निराळ्या भूकंपक्षेत्रात असावे आणि तिथवर दोन कंपन्यांच्या दोन लाइन असाव्यात. त्या एकाच चरातून जात नाहीत ना, हे आधी विचारून घ्यावे. नाहीतर जलवाहिनीसाठी रस्ता खोदताना दोन्ही फायबर एकाच घावात तुटतात.

जोडणी झटकन तोडता येणे हीसुद्धा याच व्यवस्थेतली सोय आहे. 31 जुलै 2024 रोजी छोट्या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचे कळताच एनपीसीआय या देशातील पेमेंट-जाळे चालवणाऱ्या संस्थेने तिला आपल्या जाळ्यातून वेगळे केले. सुमारे 300 छोट्या बँकांच्या ग्राहकांचे ऑनलाइन व्यवहार त्यामुळे थांबले. तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली.

1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, ते लागू असलेल्या बँकांना महत्त्वाच्या यंत्रणांसाठी किमान दर सहा महिन्यांनी आपत्ती-पुनर्स्थापनेची रंगीत तालीम घ्यावी लागते. कारखान्यांवर असे बंधन नसले, तरी त्यांनी हीच मुदत पाळावी.