सामान्यांची गोष्ट

परकीय शब्दाचा अर्थ कोशांत सांपडतो. त्याचें चरित्र मात्र इतिहासांत शोधावें लागतें. पोलंडच्या राज्याचें नांव जें 'झेच्‌पोस्पोलिता', त्याचें चरित्र असेंच मनोवेधक आहे.

लॅटिनमधील 'रेस पुब्लिका' ह्या पदाचें हें शब्दशः भाषांतर होय. 'झेच' म्हणजे गोष्ट, 'पोस्पोलिता' म्हणजे सामान्य. आपल्या 'गोष्ट' शब्दाचें मूळ 'गोष्ठी', म्हणजे संभाषण. 'झेच'चाही मूळ अर्थ भाषण असाच, व त्याचा रशियन सहोदर अद्यापि त्याच अर्थानें चालतो. 'सामान्य' म्हणजे सर्वांस समाईक; पण 'सामान्य बुद्धीचा मनुष्य' म्हणतांना आपण त्यास हलका अर्थ देतों. पोलिश शब्दाचीही गति हीच झाली.

असें नांव मिरविणाऱ्या राज्याला राजा होता, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. परंतु १५०५ मध्यें सभेच्या संमतीवांचून नवा कायदा करण्यास राजाला मनाई झाली. १५६९ मध्यें लुब्लिन येथें पोलंड व लिथुआनिया यांचें संयुक्त राज्य झालें. आणि १५७३ पासून तर सरदारवर्ग मतें देऊन राजा निवडूं लागला. राज्य एकट्या राजाचें नव्हे, सर्वांचें, हा अर्थ येथवर खरा ठरला. पण हे 'सर्व' कोण? शंभरांत फार तर दहा असा तो सरदारवर्ग. शेत कसणारा भूदास त्यांत नव्हता. १७९१ च्या संविधानानें त्याला कायद्याचें संरक्षण देऊं केलें, पण त्याची वेठ उठविली नाहीं. १७९५ त रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं उरलेला देशही वांटून घेतला. पुढें ती वेठ परक्यांच्याच फर्मानांनीं सुटली : ऑस्ट्रियाच्या अमलांत १८४८ त, रशियाच्या अमलांत १८६४ त. 'सर्वांच्या' राज्याला जें साधलें नाहीं, तें त्याच्या मारेकऱ्यांनीं केलें!

१९१८ मध्यें स्वतंत्र झालेल्या पोलंडनें तेंच नांव पुन्हा धारण केलें. पुढें १९९७ च्या संविधानाच्या पहिल्याच कलमांत, हें राज्य सर्व नागरिकांचें समाईक हित आहे, असें घोषित झालें. तेथें 'समाईक' ह्या अर्थीं 'पोस्पोलिता' न योजतां निराळाच शब्द योजिला आहे. नांवांत जें मूळचेंच होतें, तें दुसऱ्या शब्दानें पुन्हा सांगावें लागलें. 'प्रजासत्ताक' हा शब्द नित्य उच्चारणाऱ्या आम्हांसही त्यांतील 'प्रजा' कोण, हा प्रश्न वेळोवेळीं विचारीत राहणें प्राप्त आहे.