लाकूड बुडालं, धातू तरंगला

गेल्या दिवाळीत भाचा आमच्याकडे मुर्ध्याला आला तो दोन डोकी घेऊन! घाबरू नका, मंडळी. तो मुंबईत खेळाच्या सामानाच्या दुकानात काम करतो आणि ही डोकी होती गोल्फच्या काठीची. चेंडू सर्वांत लांब मारायच्या काठीला ड्रायव्हर म्हणतात. एक डोकं जुनं, लाकडी, मुठीएवढं. दुसरं नवं, टायटॅनियमचं, चांगलं करवंटीएवढं.

"मामा, गिऱ्हाईक विचारतं, केवढ्या डोक्याची काठी घेऊ? काय सांगू?"

आमच्याकडे भातकापणी झाली की रिकाम्या शेतात क्रिकेट रंगतं. गोल्फशी कोणाचा संबंध? पण मी इतिहासाचा मास्तर. म्हटलं, आधी मापून तर बघू. दांड्याची भोकं मेणानं बुजवली आणि दोन्ही डोकी बादलीत सोडली. लाकडी डोकं तळाला गेलं आणि धातूचं तरंगत राहिलं!

यातच सगळा इतिहास आहे. दोन्हींचं वजन जवळपास सारखं, सुमारे 200 ग्रॅम. जुनं डोकं भरीव, नवं पोकळ. पूर्वी ही डोकी पर्सिमनच्या लाकडाची करत. आपल्याकडे जिच्या पानांच्या विड्या वळतात त्या टेंभुर्णीच्या कुळातलंच हे अमेरिकी झाड. 1979 मध्ये गॅरी अ‍ॅडम्स यांनी पोलादी डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणला. 1991 मध्ये कॅलवे कंपनीचा 'बिग बर्था' आला. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचं नाव लावलेलं हे डोकं होतं अवघं 190 मिलिलिटरचं, पण तेव्हा ते अवाढव्य वाटलं. मग टायटॅनियम आलं आणि डोकी फुगतच गेली. अखेर 2004 मध्ये खेळाचे नियम करणाऱ्या संस्थांनी रेघ ओढली : 460 मिलिलिटर, त्यापुढे नाही. म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीहून जरा कमीच. आणि गंमत म्हणजे ही तपासणीही आमच्यासारखीच, पाण्यात बुडवून करतात.

मोठ्या डोक्याचा फायदा काय? वजन कडेला पसरलं की चेंडू मधोमध न लागताही डोकं फारसं वळत नाही, फटका फार वाया जात नाही. थोडक्यात, मोठं डोकं चूक पोटात घालतं. रेघ ओढणाऱ्यांनी ठरवलं ते इतकंच, की खेळाडूची चूक काठीनं किती माफ करावी.

पण माफी विकत घ्यावी लागते. मुंबईत गोल्फ आला 1842 मध्ये, चेंबूरचं मैदान 1927 चं. त्या मैदानालगतच्या वस्तीत साहेबांच्या पिशव्या वाहणारी पोरं, म्हणजे कॅडी, गल्लीत स्वतःचा गोल्फ खेळत. टोक वाकवलेली लोखंडी सळई हीच काठी, आणि चेंडू प्लास्टिकचा. सळईला डोकंच नाही, मग माफी कुठली? चेंडू नेमका लागला तर लागला. 1991 मध्ये, 'बिग बर्था' आला त्याच वर्षी, दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी इंडियन ओपन जिंकली. त्याआधी कुठल्याही भारतीय व्यावसायिकाला ती जिंकता आली नव्हती.

भाच्याला मी म्हटलं, "गिऱ्हाइकाला उलट विचार, दहा फटक्यांत किती मधोमध लागतात? दोन-चार म्हणाला, तर बिनधास्त 460 चं दे, त्यात लाज नाही. आठ-नऊ म्हणाला आणि चेंडू हवा तसा वळवायचा असेल, तर 430-440 चं दाखव."

"आणि एखादा कॅडी पोरगा आला तर?"

"त्याला काठी हातात तर घेऊ दे! आजवर त्याला चूक परवडलेलीच नाही."

भाचा हसला नाही. बादलीतलं डोकं त्यानं उचललं आणि पंच्यानं नीट पुसून ठेवलं.