जुन्या ध्वनिमुद्रिकांची नवी संस्करणे

ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली की सुज्ञ वाचक प्रथम तिची प्रस्तावना पाहतो. संपादकाने कोणती प्रत आधारास घेतली, कोणते पाठ स्वीकारले आणि कोणते गाळले, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. ध्वनिमुद्रिकेची नवी आवृत्ती घेताना मात्र असे प्रश्न विचारणारे ग्राहक थोडेच. वेष्टनावर ‘रीमास्टर्ड’ हा शब्द दिसला, की जे मळकट होते ते स्वच्छ झाले अशी समजूत करून घेऊन आपण पैसे मोजतो. ही समजूत कितपत खरी आहे, हे मेटल या पाश्चात्त्य संगीतप्रकाराच्या इतिहासावरून पाहण्यासारखे आहे. हे संगीत केवळ गोंगाट म्हणून बाजूस सारणारे पुष्कळ आहेत. परंतु ३० ऑक्टोबर २०११ रोजी मेटॅलिका हा अमेरिकन वाद्यवृंद बंगळूरला आला, तेव्हा त्याला ऐकण्यासाठी आपल्याकडील हजारो तरुण जमले होते. तेव्हा हा प्रश्न आपल्यालाही अगदीच परका नाही.

या संगीताचा उगम इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात झाला. तेथील टोनी आयोमी यांना पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमवावी लागली. ते डावखुरे वादक असल्यामुळे गिटारच्या तारा दाबणारी बोटे नेमकी हीच. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा चढविल्या आणि पुढे त्या नेहमीपेक्षा खालच्या स्वरात लावल्या. या तडजोडीतून जो जड, खर्जातला नाद निघाला, तो या साऱ्या परंपरेचा मूळ स्वर ठरला. त्यांच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनला एका दिवसात मुद्रित झाली आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी पाऊस पडत असतो, दूरवर चर्चची घंटा वाजते, मेघ गडगडतात आणि मग एकाएकी गिटारचा आघात होतो. त्या आघाताचे भय पूर्वीच्या शांततेवर अवलंबून आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता ‘मास्टरिंग’ म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक वाद्य व कंठ निरनिराळ्या पट्ट्यांवर मुद्रित करून त्यांचे परस्परप्रमाण ठरवितात, त्याला मिश्रण म्हणतात. तयार मिश्रणाला अखेरचा आकार देऊन ते तबकडीवर उतरविण्याजोगे करणे हे मास्टरिंग. तबकडीच्या काळात खर्ज फार वाढविला तर खोबणीतून सुई उडे, म्हणून तो आवरावा लागे. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली तेव्हा असे आवरलेल्या फितींवरूनच अनेक जुन्या ध्वनिमुद्रिका घाईघाईने नव्या माध्यमावर चढविल्या गेल्या. अशा वेळी मूळ फीत शोधून, काळजीपूर्वक नवे संस्करण करणे हे उपकाराचेच काम होते. रीमास्टरची खरी प्रतिष्ठा या कामात आहे.

परंतु लवकरच त्यात स्पर्धा शिरली. दोन ध्वनिमुद्रिका पाठोपाठ ऐकविल्या, तर जी किंचित मोठ्याने वाजते तीच आपल्या कानाला क्षणभर सरस वाटते. म्हणून लिमिटर या यंत्राने उंच शिखरे कापावयाची आणि उरलेले सारे वर उचलावयाचे, ही रीत १९९० नंतर बळावली. कॉम्पॅक्ट डिस्कला सूक्ष्म व प्रचंड आवाज यांमधील सुमारे ९६ डेसिबलांचे अंतर पेलता येते. पण एवढा प्रशस्त वाडा मिळूनही संगीत एका खोलीत कोंडले गेले. पाऊस आणि गिटार जवळजवळ एकाच उंचीवर आले, तर आघात आघात राहत नाही आणि कान मात्र थकतो.

रीमास्टरला मर्यादाही आहेत. मेटॅलिकाचे ‘डेथ मॅग्नेटिक’ २००८ मध्ये निघाले, तेव्हा त्याच्या दबलेल्या, फाटक्या नादाबद्दल हजारो चाहत्यांनी निवेदनावर सह्या केल्या. मास्टरिंग करणाऱ्या तंत्रज्ञाने सांगितले की मिश्रण हाती आले तेव्हाच ते दाबलेले होते. याच वृंदाच्या १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये जेसन न्यूस्टेड यांची बेस गिटार जवळपास ऐकूच येत नाही. २०१८ च्या संस्करणात मूळ मिश्रण तसेच ठेवण्यात आले, त्यामुळे ती पूर्वीसारखीच दडलेली राहिली. काहींची निराशा झाली. पण ऐतिहासिक दृष्ट्या हा निर्णय मला योग्य वाटतो. जे घडले ते तसे राहू द्यावे.

याच्या उलट गोष्ट ऑझी ऑझ्बर्न यांच्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांची. १९८० व १९८१ च्या या कृतींत बॉब डेझ्ली यांची बेस गिटार आणि ली कर्स्लेक यांचे ड्रम होते. मानधनाच्या हक्कावरून न्यायालयीन वाद झाला आणि २००२ च्या संस्करणात या दोघांचे वादन पुसून तेथे दुसऱ्या वादकांकडून ते नव्याने भरून घेण्यात आले. गिटारवादक रँडी ऱ्होड्स हे १९ मार्च १९८२ रोजी विमान अपघातात वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेले होते. त्यांची गिटार ज्यांच्याशी संवाद करीत होती ते साथीदारच काढून घेतले गेले, आणि हरकत घेण्यास ते हयात नव्हते. २०११ मध्ये मूळ वादन परत आणले गेले, हे बरे झाले. मेगाडेथच्या १९९० च्या ‘रस्ट इन पीस’चे २००४ मधील संस्करणही असेच सावधपणे पाहावे लागते, मूळ गायनाचे काही भाग न सापडल्यामुळे ते पुन्हा गाऊन घातले आहेत.

संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा मध्यंतरी शिरलेले अपपाठ दूर केले आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. संस्करण आणि प्रक्षेप यांतील सीमारेषा याहून स्पष्ट ती कोणती सांगावी? धूळ झाडणे वेगळे आणि मूर्तीचे नाक बदलणे वेगळे.

मग ही नवी संस्करणे घ्यावीत काय? मूळ फितीवरून काम झाल्याचा स्पष्ट निर्देश असेल, केलेले फेरफार सांगितलेले असतील आणि चढउतार शाबूत असतील, तर अवश्य घ्यावीत. केवळ आवाज वाढविलेला असेल, तर पैसे राखावेत. आज बहुतेक मोठ्या संगीतसेवा सर्व ध्वनिमुद्रणांची सरासरी पातळी सारखी करून ऐकवू शकतात. तेथे नुसत्या मोठेपणाचा लाभ उरत नाही, कापलेली शिखरे मात्र परत येत नाहीत. तुलना करणाराने दोन्ही प्रती एकाच पातळीवर आणून ऐकाव्यात, म्हणजे कानाची फसगत होणार नाही. आणि जुनी प्रत घरात असेल तर नवी आणल्यावर ती टाकून देऊ नये. नव्या आवृत्तीत कोणाचे वादन गळले, कोणाचा सूर बदलला, याची साक्ष देणारी तीच असते.