विझलेल्या दिव्याची कांडी

मोटारीच्या इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीत बोटाएवढा एक संवेदक बसवलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला 'ऑक्सिजन सेन्सर' म्हणतात. मध्यंतरी माझ्या गाडीचा हा सेन्सर निकामी झाला, तेव्हा तो घरीच बदलायचे ठरवले. इंजिन निवू दिले, तारांची जोडणी सोडवली, २२ मिलिमीटरच्या पान्याने जुना सेन्सर काढला आणि आटे जपून नवा बसवला. जुन्याचे छिद्रांचे धातूचे आवरण कापले, तर आत शिंप्याच्या अंगुस्तानासारखी पांढरी टोपी निघाली. ती झिर्कोनियाची होती. या पदार्थाचा इतिहास सुरू होतो तो मोटारीपासून नव्हे, दिव्यापासून.

जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नर्न्स्ट यांनी १८९७ मध्ये एका नव्या विजेच्या दिव्याचे पेटंट घेतले. त्यात झिर्कोनियात सुमारे १५ टक्के इट्रिया मिसळून केलेली कांडी होती. कांडी मुळातच ऑक्साइडची असल्याने ती हवेत जळून जात नसे, त्यामुळे निर्वात काचगोळा लागत नसे. मात्र थंड कांडीतून वीज वाहत नसे. ती आधी तापवावी लागे. अमेरिकेतील हक्क वेस्टिंगहाऊस यांनी घेतले. १९१०च्या सुमारास टंगस्टनच्या तारेचे दिवे आले आणि नर्न्स्टचा दिवा मागे पडला.

दिवा गेला, पण प्रश्न उरला. धातू नसलेली ही कांडी तापल्यावर वीज कशी वाहून नेते? १९४३ मध्ये कार्ल वाग्नर यांनी उत्तर दिले. झिर्कोनियमच्या चार धन प्रभारांच्या दोन आयनांच्या जागी इट्रियमचे तीन प्रभारांचे दोन आयन आले, की प्रभारांचा तोल राखण्यासाठी स्फटिकात ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. तापल्यावर ऑक्सिजनचे आयन या रिकाम्या जागांमधून सरकतात. वीज वाहते ती त्यांच्यामुळे.

मग या पदार्थाच्या दोन बाजूंना ऑक्सिजनचे प्रमाण वेगळे असेल, तर विद्युत दाब निर्माण व्हायला हवा. तो किती, हे सांगणारे समीकरण नर्न्स्ट यांनीच १८८९ मध्ये मांडले होते. बारावीच्या विद्यार्थ्यांना ते परिचित असते. १९६१ मध्ये वेस्टिंगहाऊसच्याच प्रयोगशाळेतील वाइसबार्ट आणि रुका यांनी या तत्त्वावर ऑक्सिजनमापक तयार केला.

त्याची गरज मोटारींना लवकरच भासली. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागे मोटारींचा धूर आहे, हे हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकात दाखवले होते. अमेरिकेने १९७० मध्ये कडक कायदा केला. धुरातील तीन विषारी घटक एकदम नष्ट करणारा उत्प्रेरक हाताशी आला, पण तो नीट चालतो ते एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा (वजनाने) असेल तेव्हाच. हे प्रमाण सतत तपासायला १९७६ मध्ये बॉश कंपनीचा झिर्कोनिया सेन्सर व्होल्व्होच्या मोटारींत आला. पेट्रोल जास्त झाले की तो सुमारे ०.९ व्होल्ट दाखवतो, कमी झाले की ०.१. त्यानुसार संगणक पेट्रोल घटवतो वा वाढवतो. दिव्याची खोडही त्यात उतरली आहे: सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय तो काम करत नाही. म्हणून पुढे त्यात छोटा हीटर घालण्यात आला.

परंतु पेट्रोलमधील शिसे उत्प्रेरक आणि सेन्सर दोघांनाही निकामी करते. म्हणजे यंत्र सुधारण्याआधी इंधन सुधारणे भाग होते. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, आणि २००० मध्ये देशभरातून शिशाचे पेट्रोल हद्दपार झाले. यात मुलांच्या मेंदूला अपाय करणारे शिसे हवेतून कमी झाले, हा लाभ सर्वांत मोठा.

वर्गात एक गणित जरूर द्यावे. तापमान १००० केल्विन, टोपीच्या आत हवेतील ऑक्सिजनचा दाब ०.२१ वातावरण, बाहेर धुरात १० चा उणे १८ वा घात. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे चार इलेक्ट्रॉन धरले, तर उत्तर ०.८६ व्होल्ट येते. विझलेल्या दिव्याचे 'का?' कोणीतरी विचारत राहिले, म्हणून हा आकडा आज आपल्या गाडीत रोज उमटतो.